तीस अंशांचा उतार

मे महिना जवळ आला की माझ्या फळ्यावरून ठोकळे घसरायला लागतात. सकाळी सातच्या बॅचला एक ठोकळा, नऊच्या बॅचला तोच ठोकळा, अकराच्या बॅचला त्याला दोरी बांधलेली असते, एवढाच काय तो फरक. भूगावात मेन रोडला लागून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास आहे. खाली चपलांचं दुकान, वर जिम. जिमवाले वजनं आपटतात तेव्हा माझं छत हादरतं, आणि त्या हादऱ्याखाली उभी राहून मी पोरांना सांगते, की समजा उतरण गुळगुळीत आहे, दोरीला वजन नाही, हवेचा रोध सोडून द्या. पोरं लगेच सोडून देतात. अहो, किती सहज सोडावं माणसानं! असली उतरण आपल्या तालुक्यात कुठं बघायला मिळेल, असं विचारायची कुणाला गरजच वाटत नाही.

प्रवेश परीक्षांचा हा हंगाम मला मनापासून आवडत नाही. चांदणी चौकापासून पिरंगुटापर्यंत विजेच्या प्रत्येक खांबावर कुठल्या ना कुठल्या पोराचा फोटो लटकतो, चेहऱ्यावर उसनं हसू, आणि खाली त्याच्या मार्कांपेक्षा मोठ्या अक्षरात क्लासवाल्याचं नाव. माझाही एक बोर्ड आहे त्यात, खोटं कशाला बोलू. पालक येतात, गाडी चालू ठेवूनच विचारतात, ‘मॅम, मेकॅनिक्सला काही शॉर्टकट आहे का?’ आहे ना. तुमच्या पोराला डोकं घरी ठेवून यायला सांगा, बाकी मी बघते. असं म्हणत नाही मी. ‘सूत्रांची यादी देते’, असं म्हणते, आणि ते खूश होऊन जातात.

तर तो ठोकळा. पुस्तकातल्या ठोकळ्यासारखा निर्लज्ज प्राणी मी दुसरा पाहिला नाही. तो कशाचा आहे ते माहीत नाही, कुणाचा आहे ते माहीत नाही, उतारावर कुणी नेऊन ठेवला आणि का ठेवला, काही म्हणून पत्ता नाही. त्याला धरून ठेवायला किती बल लागेल ते काढा. मग पोरं एक बाण काढतात आणि त्याच्या टोकाला इंग्रजी एफ लिहितात. झालं, धरला ठोकळा. त्या बाणाच्या मागं कुणी उभं नसतं. कुणाच्या तळहाताची सालटी निघत नाहीत, कुणाचा पाय रुतत नाही. पोरांनी एफ लिहिला की त्यांच्या दृष्टीनं जगातले सगळे ठोकळे जागच्या जागी थांबलेले असतात, आणि पूर्ण मार्क मिळतात.

मलाही मिळाले होते. मी बारावीला होते त्या मे महिन्याबद्दल सांगायचं तर घाणेरड्या वासापासून सुरुवात करावी लागेल. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं तेव्हा जो वास येतो तो रिसॉर्टच्या खिडकीतून घेणाऱ्यांना कळायचा नाही. कुजलेलं गवत, मेलेले शिंपले, उन्हानं भेगाळलेला गाळ, आणि त्यात डिझेलचा धूर. आमचं गाव मुळशी धरणाच्या काठाला. पाणी हटेल तशी काठावरची उघडी माती रोज हातभर वाढायची, जुन्या शेतांचे बुडालेले बांध वर यायचे, आणि काठाकाठानं मांडलेली पाणी ओढायची इंजिनं एकेक करून कोरडी पडायची. पाणी लांब गेलं की इंजिनाचा पाइप पोहोचत नाही. मग पंधरा दिवसांतून एकदा अख्खं इंजिन उतारावरून खाली सरकवायचं. शहरातल्या पोरांनी सुट्टीत पोहायला शिकावं तसं आमच्याकडं पोरं इंजिन उतरवायला शिकायची.

त्याची एक रीत होती. आमचं इंजिन दोन जाड लाकडी वाशांवर बोल्ट करून बसवलेलं, साधारण दोनशे किलोचं धूड. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. काठावरची चार घरं एकमेकांच्या इंजिनाला जायची. आज आमचं, उद्या तात्यांचं. त्याला सावड म्हणतात. तात्या म्हणजे आमचे शेजारी, आबांचे लहानपणापासूनचे मित्र. आबा, म्हणजे माझे वडील, पहार घेऊन इंजिनाच्या बाजूला राहायचे, वाट दाखवायला. दोघं वाशांना हात लावायचे. आणि इंजिनाला बांधलेला लांब दोर वर काठावरच्या जांभळाच्या खोडाला दोन वेढे मारून त्याचं टोक कुणाच्या तरी हातात द्यायचं. कुणाच्याही. मी आठवीत असताना ते टोक एका हातात धरलेलं आहे, दुसऱ्या हातात आंबा होता. दोन वेढ्यांनंतर हातात काही वजनच येत नाही. दोर आणि खोड एकमेकांना असे चावतात, की मनात येईल तेवढं सोडावं, मनात येईल तिथं थांबवावं. वर्षानुवर्षं दोर घासून त्या खोडाला बोटभर खोल खाच पडली होती.

आता तिथं रिसॉर्टची हिरवळ आहे. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी येतात, मिसळ खाऊन ढेकर देत जांभळाखाली फोटो काढतात. तिथला मॅनेजर त्यांना ती खाच दाखवून सांगतो, की बिबट्या इथं नखं घासायला यायचा. मी माझ्या कानांनी ऐकलंय. बायका ‘ओ माय गॉड’ म्हणून पोरांना जवळ ओढतात. मी म्हटलं, बिबट्या काय गोल गोल फिरून नखं घासायचा का रे? तर तो माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, मॅडम, गेस्टला आवडतं. आवडणारच. गेस्टना काय, काहीही आवडतं.

बारावीला मी पुण्याला होस्टेलवर होते. दोन वर्षांत मला चांगली शिंगं फुटली होती. घरी आले की मी आईला ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हण, असं सांगायचे. आबा चहा बशीत ओतून प्यायचे त्याची मला लाज वाटायची. घरात कुणी काही सांगायला लागलं की मी वाक्य पुरं होऊ द्यायची नाही, कारण ते कुठं जाणार ते मला आधीच कळलेलं असायचं, असं मला वाटायचं. मेकॅनिक्स हा माझा हुकमी विषय. दोन ठोकळे, तीन कप्प्या, हवं ते द्या, चौकटी आखलेल्या वहीत मी त्याचा फडशा पाडायचे. होस्टेलच्या पोरी मला विचारायला यायच्या, आणि मी त्यांच्याकडं अशी बघायचे की निम्म्या प्रश्न विचारायच्या आधीच परत जायच्या. मला त्याचाही आनंद व्हायचा, हे आज लिहिताना शरम वाटते, पण तेव्हा व्हायचा.

आबांना मात्र माझ्या अभ्यासाचं कोण कौतुक! सातवीपर्यंत शिकलेला माणूस. संध्याकाळी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि वहीतल्या आकृतीवर मातीनं भरलेलं बोट ठेवून विचारायचे, ‘ह्यो काय गं तिरका बाण?’ मी सांगायचे, झरझर, कंटाळल्यासारखी. ‘ह्यो खाली वडतोय, ह्यो मागं वडतोय, व्हय?’ हो आबा. ‘लई भारी हाय की.’ आणि तात्या रस्त्यानं जाताना दिसले की त्यांना हाक मारून सांगायचे, ‘आरं, आमची पोरगी उतारावरच्या वस्तूचं वजन कागदावर करती.’ मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वजन नाही आबा, बल. बल वेगळं, वजन वेगळं. ‘तेच ते,’ आबा म्हणायचे, आणि मी कपाळाला हात लावायचे.

प्रवेश परीक्षेला सहा दिवस राहिले असताना आमच्या इंजिनानं पाणी सोडलं. पाइपातून नुसती हवा आणि गाळाचा फुरफुराट. रानात काकडी उभी होती, ऐन फळावर आलेली, आणि ऊन असं की सकाळी ताठ असलेली पानं दहा वाजता माना टाकायची. इंजिन खाली न्यायलाच हवं होतं. आणि नेमकं तात्यांच्या भाचीचं लग्न, तिकडं पौडच्या पुढं. सावडीतली बाकीची तिन्ही घरं कुलूप लावून गेलेली, आदल्या दिवशीच. आम्ही दुपारी जेवायच्या वेळेला नुसतं तोंड दाखवायला जाणार होतो. मंडळी परत यायला दोन दिवस. आबांनी आपला दोर इंजिनाला बांधून जांभळाकडं नेला, तर तो सात-आठ हात आखूड पडला. पाणी त्या वर्षी फार मागं गेलं होतं. लांब दोर तात्यांच्या घरात, आणि घराला कुलूप.

‘ऱ्हाऊ दे मंग,’ आबा म्हणाले. ‘परवा बघू.’

आई म्हणाली, ‘परवापातूर काकडीचं सरपान हुईल.’

आणि मी ओट्यावरून उठले. हातात वही होती. मी म्हटलं, ‘आबा, चार माणसं आणि झाड कशाला लागतंय? मी काढून देते.’

काय तो थाट! कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याला दोऱ्यानं खडा बांधला आणि उताराचा कोन मोजला. अठ्ठावीस आला. मी तीस धरला, कारण पुस्तकाला तीस आवडतो, आणि शिवाय जास्त धरलेला बरा, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला. मी फार सावध मुलगी होते ना! दोनशे किलोचं इंजिन, उताराच्या दिशेनं ओढ हजार न्यूटन. पुस्तकात लाकडाचा घर्षण गुणांक शून्य पूर्णांक चार दिलेला होता, तो घेतला, घर्षण आलं सातशेच्या आसपास. उरले तीनशे. ‘म्हणजे तीस किलोचं पोतं धरल्यासारखं आहे आबा. आई आणि मी दोर धरतो, तुम्ही पहार घ्या. झालं.’ मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

आबा माझ्या खांद्यावरून कागद बघत होते. म्हणाले, ‘आन खालच्या गाळाचं काय?’

मी मान वर केली. ‘ते सगळं त्या गुणांकात येतं,’ मी म्हटलं.

‘बरं,’ आबा म्हणाले. जरा वेळ इंजिनाकडं बघत राहिले. मग पहार उचलली. ‘चला, सोडा.’

वरचा निम्मा उतार इंजिन माझ्या कागदाबरहुकूम उतरलं. खरंच सांगते, अगदी तीस किलो. आई आणि मी एकामागं एक, दोर कमरेमागून घेतलेला, एकेक पाऊल खाली टाकत होतो, आणि मी आईला म्हटलं सुद्धा, बघ, उगाच सगळं गाव जमवत होतात. मग इंजिनाचे वासे त्या पट्ट्यात शिरले, जिथून पाणी चार दिवसांपूर्वी सरकलं होतं. वरून माती सुकलेली, पापुद्रा धरलेली, आणि खाली लोण्यासारखा ओला गाळ. पापुद्रा फुटला. कागदावरचे सातशे न्यूटन कुठल्या कुठं गेले, हजारच्या हजार आमच्या दोघींच्या हातात आले. आणि आम्ही कशावर उभ्या होतो? त्याच उतारावर. आईचे पाय सुटले, ती बसकण मारून घसरली, माझ्या तळहातातून दोर सरसरत गेला आणि मी ओरडले. आबा बाजूला उडी मारायला गेले, पण त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत गाळात रुतला होता. वाशाचं टोक त्यांच्या गुडघ्यावर गेलं. मग इंजिन पाण्याच्या कडेला जाऊन तिरकं झालं आणि थांबलं. आवाज फारसा झाला नाही.

आबा ओरडले नाहीत. आईला म्हणाले, ‘तुला काय लागलं का?’

इंजिन चार मीटर घसरलं होतं, म्हणजे उंची दोन मीटर. दोनशे गुणिले दहा गुणिले दोन, चार हजार ज्यूल. पुण्याला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी हे आकडे केले. पट्टी बांधलेल्या हातानं, केसपेपरच्या पाकिटावर. आत आबांच्या गुडघ्यातून हाडाचे तुकडे काढत होते आणि बाहेर त्यांची लेक स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर करत होती. माझ्या नावानं कुणी आजही थुंकलं तर मी तोंड पुसून गप्प बसेन.

तात्या लग्नातून तसेच आले, अंगावरचा कडक इस्त्रीचा सदरा घामानं भिजलेला. आबांच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, ‘येड्या, वेढा न्हाई मारलास व्हय?’

‘दोर आखूड पडला,’ आबा म्हणाले.

‘मंग थांबायचं!’

‘पाय घसरला रं माजा. माजीच चूक.’

मी भिंतीला टेकून उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही, बघितलं असतं तर तात्यांना कळलं असतं. पुढं कितीतरी दिवस जो भेटायला येई त्याला तेच सांगितलं गेलं, पाय घसरला. आईनंही तेच सांगितलं. वहीचं ते पान आईनंच कधी तरी चुलीत घातलं असावं, कारण नंतर ते मला सापडलं नाही.

सहाव्या दिवशी मी परीक्षेला बसले. आबांनीच जायला लावलं. आणि प्रश्नपत्रिकेत काय असावं? तीस अंशांचा उतार, ठोकळा, घर्षण गुणांक दिलेला, धरून ठेवायला किती बल लागेल, चार पर्याय. मी अर्ध्या मिनिटात गोल काळा केला. बरोबर होता. निकालात भौतिकशास्त्राला माझ्या कॉलेजात मीच पहिली. कॉलेजनं माझाही फोटो खांबावर लटकवला, पट्टी काढल्यानंतरचा.

क्लासच्या एका पोराच्या वडलांना मी एकदा ही हकीकत सांगितली, नावं गाळून. मोठ्या कंपनीत आहेत, बावधनला राहतात, दाढी राखतात. ते डोळे मिटून म्हणाले, ‘वॉव. गावाकडच्या लोकांना फिजिक्स उपजत कळतं, नाही?’ मला हसावं की रडावं कळेना. उपजत कसलं, डोंबल! आबांच्या चुलत्यांचं इंजिन एका वर्षी धरणात गेलं होतं, त्याच्या पुढच्या वर्षी तात्यांच्या वडलांची दोन बोटं गेली, तेव्हा कुठं काठावरच्या लोकांना झाडाला वेढा मारायची अक्कल आली. बोटं देऊन शिकलेलं होतं ते. मी ते एका पानात खोडलं. ही माणसं त्याला उपजत म्हणतात आणि वर माझ्याकडंच पोरं शिकायला पाठवतात.

आबांचा गुडघा पुढं पुरता वळलाच नाही. भाताची लावणी म्हणजे दिवसभर वाकून, चिखलात मागं मागं सरकत जायचं काम. ते त्यांना परत कधी जमलं नाही. पहिल्या वर्षी ते बांधावर खुर्ची टाकून बसले आणि आम्हाला सांगत राहिले, इतकी दाट नको, इतकी पातळ नको. दुसऱ्या वर्षी खुर्ची नेलीच नाही, घरीच थांबले. लावणीच्या दिवशी घरी बसलेला त्यांच्या पिढीतला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पुढं शेत वाट्यानं दिलं. आता तर निम्म्या काठावर रिसॉर्टच आहेत.

आणि मी? मी बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, भूगावात क्लास काढला. सोळा वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. तेव्हापासून मी आबांना कधी काही समजावून सांगितलेलं नाही. एक अक्षर नाही. मोबाइल चुलतभावानं शिकवला, बँकेचं कार्ड त्यानंच. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि हातात काही कागद असला तर मी तो उलटा घालते. कोणत्या तोंडानं सांगू? मी ठरवलं होतं, ज्या तोंडानं मी त्या दिवशी शहाणपण शिकवलं ते तोंड त्यांच्यापुढं परत उघडायचं नाही. तेवढी एकच गोष्ट मी त्यांच्यासाठी केली असं मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात गुडघा दाखवायला आबा बावधनच्या डॉक्टरांकडं आले होते. तिथून त्यांना मी क्लासवर आणलं, म्हटलं अकराची बॅच संपली की मुळशीला सोडते. ते शेवटच्या बाकाच्या कडेला पाय लांब करून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. फळ्यावर नेहमीचा ठोकळा होता, तीस अंश, घर्षण नगण्य. दुसऱ्या रांगेत एक मुलगी आहे, घोटवड्याहून बसनं येते, फारशी बोलत नाही. तिनं हात वर केला.

‘मॅम, ब्लॉक धरणारा माणूस कशावर उभाय? म्हणजे, फ्रिक्शन नसेल तर तो पण घसरेल ना?’

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघत होते देव जाणे. आणि तो आला तेव्हा घड्याळात पावणेबारा वाजले होते, सात गणितं राहिली होती, वर जिममध्ये कुणीतरी वजन आपटलं. मी खडू खाली न ठेवता मागं वळले. ‘हे पेपरात विचारणार आहेत का?’ मी म्हटलं. वर्ग खिदळला. ‘सॉरी मॅम,’ मुलगी म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. मी पुढचं गणित घेतलं.

गाडीत आबा पौड मागं पडेपर्यंत टोपी हातात घेऊन फिरवत होते. मला वाटलं गुडघा दुखतोय.

‘ती पोरगी काय इचारत व्हती गं?’

मी सांगितलं.

‘मंग चांगलं इचारलं की तिनं.’

‘चांगलंच विचारलं आबा. पण वेळ नसतो. पोर्शन संपवायचा असतो.’

‘वेळ नसंल तर नसंल. पन तसं बघू नये मानसाकडं.’

‘कसं?’

‘तू बघतीस तसं. इंजन सोडलं त्या दिशी माज्याकडं बघितलं व्हतंस.’

सोळा वर्षांत त्या दिवसाचा विषय आमच्यात कुणी काढला नव्हता. मी गाडी कडेला घेतली. आणि मग माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. आबा, गणित माझं चुकलं होतं. गुणांक कोरड्या लाकडाचा होता, खाली ओला गाळ होता, आम्ही कशावर उभ्या आहोत ते मी धरलंच नव्हतं, तुमचा पाय माझ्यामुळं गेला आणि तुम्ही घसरला म्हणून सांगत राहिलात. मी रडत होते. एवढी मोठी बाई, रस्त्याच्या कडेला.

आबांनी ऐकून घेतलं. ‘त्ये मला ठावं व्हतं,’ म्हणाले.

‘नंतर कळलं तुम्हाला?’

‘नंतर कशाला? सकाळीच पाय घालून बघून आलतो म्या. खाली वला गाळ हाय, वेढ्याबिगर इंजन ऱ्हायाचं न्हाई, ह्ये काय सांगाय लागतंय व्हय.’

‘मग सोडलंत कशाला?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘माहीत होतं तर मला गप्प करायचं! कानाखाली द्यायची! कसला हा मूर्खपणा आबा?’

ते गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. बाहेर एक टेम्पो गेला, गाडी हलली.

‘म्या इचारलं, गाळाचं काय. तू मान वर करून बघितलंस. म्हनलं, आता ह्या पोरीला चुकलीस म्हनालो, तर ही परत माज्यापाशी वही घिऊन बसायची न्हाई. एवढं गोड वाटायचं मला, तू सांगायचीस त्ये. समजायचं न्हाई, पन गोड वाटायचं. म्हनून म्हनलं, सोडा.’

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले,

‘आन एवढं करून तू न्हाईच बसलीस.’